आत्याच्या पेटीतला वास : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

आत्याची हत्यारांची पेटी आज घरी आली. पत्र्याची, दोन कप्प्यांची, आत जाड फेल्टचं अस्तर. आत्याने तीस वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. कुठल्या स्क्रूला कुठला ड्रायव्हर, हे तिच्या हाताला अजून पाठ आहे. मधली आठ-नऊ वर्षं पेटी माळ्यावर बंद पडून होती. आता तिला पुन्हा कामाला बसायचंय. फोनवर म्हणाली, "अगं, झाकण उघडलं की पोटात ढवळतं बघ. जमलं तर धुऊन दे. नाही जमलं तर टाकून दे, पण पक्कड तेवढी ठेव."

काहीही टाकायचं नाही, हे फोन ठेवायच्या आधीच ठरवलं होतं.

झाकण उघडलं. वास खरोखर उलटीचा आहे. कुबट नाही, गंजाचा नाही, जुन्या तेलाचाही नाही. आधी खवट, मग आंबूस, आणि शेवटी घशाशी येणारा. पाच मिनिटांत खोलीभर पसरला. खिडक्या उघडून पेटी गच्चीत नेली.

४ नोव्हेंबर

सगळी हत्यारं वर्तमानपत्रावर मांडली, दोऱ्याने आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. एकूण तेवीस. एकेक मूठ नाकाशी धरून वर्गवारी केली. मध्ये मध्ये बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यावी लागली, कारण चार-पाच हुंगल्या की नाक बधिर होतं आणि सगळंच सारखं वाटायला लागतं.

नऊ स्क्रू ड्रायव्हर आणि दोन नट ड्रायव्हर पारदर्शक मुठींचे आहेत. रंग मधासारखा, काहींच्या आत लाल किंवा निळी रेघ. उलटीचा वास फक्त या अकरांना. दोन छोट्या काळसर मुठींना व्हिनेगरचा वास येतो, ही वेगळी जात दिसते. पक्कड, कटर आणि नोज प्लायर यांच्या लाल आवरणाला जवळजवळ वास नाही, पण हाताला चिकटतात. बाकी सात लाकडी मुठींची किंवा मुळात बिनमुठीची. त्यांना पेटीतला वास लागलाय, स्वतःचा नाही.

पेटीच्या तळाशी व्हाइसच्या जबड्यांना लावायच्या शिशाच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांच्यावर पांढरी, पिठासारखी बुकी जमलेली. पहिल्यांदा वाटलं खडूची भुकटी. हात लावणार, तेवढ्यात थांबले. त्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.

६ नोव्हेंबर

पहिला प्रयोग सगळ्यात साधा. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश. मुठींच्या खाचांमधून काळपट मळ निघाला. तीस वर्षांच्या हातांचा घाम, रेझिनचे कण, तेल. पुसून सावलीत वाळवल्या. संध्याकाळी हुंगलं तर वास जवळजवळ नाही. आत्याला फोन करून सांगितलं, "झालं बहुतेक." ती म्हणाली, "एवढ्यात? बंद करून ठेव दोन दिवस आणि मग सांग."

८ नोव्हेंबर

आत्याचं खरं ठरलं. अकरा हत्यारं झाकणाच्या डब्यात ठेवली होती. दोन दिवसांनी झाकण काढलं तर वास पहिल्याइतकाच.

म्हणजे हा मळाचा वास नव्हे. मूठच हा वास तयार करतेय. एवढं एक पटलं की पुढचं सगळं काम बदलतं, म्हणून रसायन नीट लिहून ठेवते.

या पारदर्शक मुठी बहुधा सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेटच्या आहेत. लाकडाच्या लगद्यातून किंवा कापसातून सेल्युलोज काढतात आणि त्याच्या साखळीला दोन आम्लांचे गट जोडतात: ॲसिटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं, आणि ब्युटिरिक. सेल्युलोजपासून केलेली अशी प्लॅस्टिकं हत्यारांच्या मुठींना १९३० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि त्याला कारणही चांगलं आहे. ती चिवट असतात, हातोडीचा घाव बसला तरी ठिकऱ्या उडत नाहीत, तेल-ग्रीसने बिघडत नाहीत आणि हाताला थंड लागत नाहीत.

पण हवेतलं पाणी हळूहळू साखळीला जोडलेले ते गट तोडतं. सुटलेलं ब्युटिरिक आम्ल बाहेर येतं. 'ब्युटिरिक' हे नाव लोणी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय, कारण लोणी खवट होतं तेव्हा हेच आम्ल सुटतं. उलटीच्या वासातही तेच असतं. आपल्या नाकाला ते अगदी थोडं असलं तरी कळतं.

खरी मेख पुढे आहे. सुटलेलं आम्ल मुठीतच राहिलं तर पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. बंद पेटीत आम्लाला बाहेर पडायला वाट नसते, ते मुठींभोवतीच साचतं आणि उष्णतेने सगळ्याला वेग येतो. बंद पेटी, गरम माळा, आठ-नऊ वर्षं. यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

चित्रपटांच्या जुन्या ॲसिटेट रिळांचं हेच होतं. संग्रहालयवाले त्याला 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणतात. रिळाच्या डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवतात, निळी असते ती हिरवी आणि मग पिवळी होत गेली की आम्ल किती सुटलंय ते कळतं. आपल्याकडे तशी पट्टी नाही, पण लिटमस आहे.

९ नोव्हेंबर

काचेच्या चार बरण्या घेतल्या. पहिलीत पारदर्शक मूठ क्र. ७, दुसरीत क्र. ४ (सगळ्यात जुनी, भेगा पडलेली), तिसरीत व्हिनेगरच्या वासाची काळी मूठ, चौथीत लाकडी मुठीचा टोच्या, तुलनेसाठी. प्रत्येक झाकणाच्या आतून ओल्या निळ्या लिटमसची बारीक पट्टी चिकटवली, मुठीला टेकणार नाही अशी. सकाळी नऊला झाकणं लावली.

दुपारी एकला क्र. ४ ची पट्टी कडेने गुलाबी. पाचला पूर्ण लाल. क्र. ७ ला रात्रीपर्यंत वेळ लागला. काळ्या मुठीची मध्यरात्री. टोच्याच्या बरणीतली पट्टी निळी ती निळीच.

बराच वेळ ती गुलाबी कड बघत बसले होते. मूठ पट्टीला टेकलेली नाही, मधे दोन बोटांची हवा आहे, आणि तरी रंग बदलतोय. पेटीत हाच वाफारा आठ-नऊ वर्षं फिरत होता. म्हणूनच लाकडी मुठीच्या हत्यारांचं पोलाद मुठीजवळ गंजलंय आणि पितळी टोकांवर हिरवट थर आलाय. पेटी पाण्यात कधीच भिजली नव्हती.

१० नोव्हेंबर

शिशाच्या पट्ट्या.

शिसं साध्या हवेत बरंच टिकतं, पण सेंद्रिय आम्लाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्यावर पांढरा थर चढतो. पूर्वी रंगासाठी सफेदा याच रीतीने करायचे. शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवायच्या आणि शेणात पुरायच्या. शेणातून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळायचा. आत्याच्या पेटीत तेच घडलं असणार. ही बुकी विषारी आहे. ती कोरडी झटकायची नाही, फुंकायची नाही, घासायची नाही. हातमोजे घातले, ओल्या कागदी रुमालाने हलकेच टिपली, रुमाल आणि पट्ट्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केल्या आणि घातक कचऱ्याकडे देण्यासाठी बाजूला ठेवल्या. नंतर हात दोनदा धुतले.

जुन्या पेट्यांमध्ये मासेमारीची वजनं, शिशाचे ओळंबे असं काही ना काही असतं. वास येणाऱ्या मुठी आणि शिसं एका पेटीत असेल तर आधी शिसं बाहेर काढावं, मग बाकीचं.

१२ नोव्हेंबर

सोड्याचा प्रयोग. एक लिटर साध्या तापमानाच्या पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा. हत्यार मूठ खाली करून उभं धरायचं, पोलाद कोरडं ठेवायचं. पंधरा मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने धुणं, फडक्याने पुसणं, सावलीत मोकळ्यावर वाळवणं. पोलादावर शेवटी पातळ तेलाचा हात.

क्र. ४ ची मूठ पाण्यात गेली तेव्हा भेगेच्या रेषेवर बारीक बुडबुड्यांची माळ उठली. आम्ल आणि सोडा भेटल्याचे बुडबुडे. ब्युटिरिक आम्लाचं सोडियमचं मीठ होतं, ते उडून नाकात जात नाही आणि पाण्याबरोबर निघून जातं. साबणाने हे होत नाही, साबण मळ काढतो.

खायचा सोडा ठेवून धुण्याचा सोडा का वापरला नाही, तेही लिहून ठेवते. धुण्याचा सोडा बराच तीव्र अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) असतो आणि तीव्र अल्क हेच गट तोडतं जे आपल्याला टिकवायचे आहेत. कॉस्टिकचा तर प्रश्नच नाही. व्हिनेगरने वास जातो असं अनेकजण सांगतात. इतर वासांसाठी ठीक असेल, पण जी वस्तू आम्लाने तुटतेय तिला आणखी आम्लाची आंघोळ घालायची नाही. ॲसिटोन किंवा थिनर लावला तर मूठ विरघळून चिकट होईल.

१३ नोव्हेंबर

आज माझी चूक झाली. वेळ वाचवायला सोड्याचं पाणी गरम केलं, हात भाजेल इतकं. क्र. ९ ची मूठ वीस मिनिटांनी बाहेर काढली तर मधाच्या रंगावर दुधी साय आलेली. नखाने दाबलं तर किंचित मऊ. आतली लाल रेघ अंधूक दिसते. गरम पाणी पृष्ठभागात शिरलं असणार. शिवाय ज्या उष्णतेपासून या मुठींना वाचवायचंय, तीच मी दिली. आत्याला सांगितलं. म्हणाली, "ती रेघ लाल आहे की निळी एवढं कळलं की झालं. लाल म्हणजे फिलिप्स, निळी म्हणजे चपटा. माझी खूण आहे ती." रेघ लाल आहे, ओळखू येते. पुढचे सगळे हात साध्या पाण्यात.

उन्हात ठेवायचाही विचार होता, तो सोडला.

१६ नोव्हेंबर

लाल आवरणवाल्या तीन हत्यारांचं काम. ही आवरणं पीव्हीसीची असावीत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि आवरण चिकट होतं. चिकटपणाला धूळ धरते, धुळीला वास. साबणाच्या पाण्याने तीनदा पुसलं, बरंच सुधारलं. पक्कडीचं आवरण टोकाला फाटलंय, पण ते आत्याने ठेवायला सांगितलेलं हत्यार, तिला विचारल्याशिवाय काढणार नाही.

ही आवरणं असोत की पारदर्शक मुठी, विजेच्या चालू तारेवर यांच्या भरवशावर राहायचं नाही. त्या कामासाठी १००० व्होल्टची खूण असलेली, प्रमाणित हत्यारंच घ्यायची. भेग पडलेल्या मुठीचं तर बोलायलाच नको. आत्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण पेटी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ शकते.

१९ नोव्हेंबर

पेटी. मुठींचं करताना पेटीचं विसरून गेले होते. फेल्टचं अस्तर नाकाशी धरलं आणि लगेच बाजूला केलं. फेल्टने वर्षानुवर्षं आम्ल शोषलंय. धुतलेली हत्यारं परत त्यात ठेवली असती तर आठवड्यात सगळं जिथल्या तिथे आलं असतं. फेल्ट खरवडून काढलं, खालचा गोंद कोमट पाण्याने भिजवून निघाला. पत्रा सोड्याच्या पाण्याने दोनदा पुसला, वाळवला, कोपऱ्यातला गंज बारीक पॉलिश पेपरने काढला. पेटी झाकण उघडं ठेवून पाच दिवस गॅलरीत.

२४ नोव्हेंबर

क्र. ७ वर एक वेगळा प्रयोग. मुठीचा वरचा थर सगळ्यात जास्त खराब झालेला असतो. तिथेच हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडते, मऊपणासाठी मिसळलेली द्रव्यंही तिथेच येऊन पांढरट साचतात. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, सोड्याच्या पाण्यात बुडवून, हळूहळू घासलं. ओलं घासायचं कारण धूळ उडू नये. मग ८००, मग १५००. खाचांमध्ये कागद गुंडाळलेली पातळ काडी. दोन तास लागले. खालून स्वच्छ मध निघाला, दिव्यासमोर धरला की आरपार दिसतो, पोलादाची दांडी मुठीत कुठपर्यंत गेलीय तेही. दांडीच्या टोकाला दोन चपटे पंख ठोकलेले आहेत, ती गरगर फिरू नये म्हणून. ही मूठ करणाऱ्याने केलेलं ते काम इतक्या वर्षांनी दिसलं.

वास खूप कमी झाला. पण हे अकराही हत्यारांना करण्यासारखं नाही. खाचांची पकड बोथट होते, आणि मूळ अक्षरं असतील तर ती जातात. क्र. ७ वर अक्षरं नव्हती म्हणून केलं.

वरून वार्निश मारावं का, हा प्रश्न आला. मारलं नाही. आत तयार होणारं आम्ल आतच कोंडलं जाईल आणि आतून पोखरत राहील. शिवाय वार्निशमधलं द्रावक मुठीला चालेल याची खात्री नाही.

२ डिसेंबर

बरण्यांची दुसरी चाचणी, तशीच मांडणी. सोड्यात तीनदा बुडवून, मधल्या काळात मोकळ्या हवेत राहिलेल्या मुठी. क्र. ७ ची पट्टी दोन दिवसांनी कडेने गुलाबी झाली, पहिल्यांदा तिला एक दिवसही लागला नव्हता. काळी मूठ तिसऱ्या दिवशी. क्र. ४ ची मात्र सहा तासांतच लाल.

दादाला डोळे मिटून सगळी हुंगायला दिली. माझ्या नाकावर आता विश्वास नाही, महिनाभर याच वासात आहे. त्याने क्र. ४ लगेच बाजूला काढला, क्र. ९ वर थोडा थांबला, बाकीच्यांना "काही नाही" म्हणाला. नंतर म्हणाला, "लहानपणी आत्याच्या खोलीत असाच वास यायचा, पण इतका नाही. मला वाटायचं तो रेडिओचा वास आहे." म्हणजे तेव्हाच सुरू झालं होतं.

५ डिसेंबर

क्र. ४ चा निर्णय. भेगा आरपार आहेत, मूठ आकसून दांडीपाशी खुळखुळते. हिची रासायनिक तुटफूट आता थांबत नाही, धुऊन पुढे ढकलता येते एवढंच. आत्याला विचारलं.

"पोलाद कसं आहे?"

"टोक एकदम सरळ. गंज नाही."

"मग मूठ बदल. ते पोलाद फार चांगलं आहे, त्याने मी किती व्हॉल्यूमच्या बटणांचे स्क्रू काढलेत."

व्हाइसमध्ये धरून मूठ भेगेवर छिन्नीने अलगद फोडली, दोन घावांत उघडली. आतला गाभा बाहेरच्यापेक्षा फिका, पण वास तोच आणि जास्त ताजा. तुकडे पिशवीत बंद. दांडी सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, बारीक पॉलिश पेपर मारून तेल लावलं. नवी मूठ सागाची, भोक थोडं घट्ट ठेवलं, पंखांसाठी खाच केली, एपॉक्सीने बसवली. मुठीच्या टोकाला निळ्या रंगाची बारीक रेघ काढली, कारण हा चपटा आहे.

८ डिसेंबर

ठेवायचं कसं. पेटीत परत नाही, निदान पारदर्शक मुठींची तरी नाही. प्लायवुडची फळी, तिच्यावर भोकं पाडलेली पट्टी, हत्यारं उभी राहतील अशी. दोन मुठींमध्ये बोटभर अंतर. फळी खिडकीपासून दूर, उष्णता निघेल अशा कुठल्याही उपकरणापासून दूर. हवा मोकळी राहिली की सुटलेलं आम्ल साचत नाही, उडून जातं, आणि पुढची मोडतोड मंदावते. वासाची तीव्रताही आपोआप खाली येते.

लाकडी मुठीची आणि पोलादाची हत्यारं पेटीत. पेटीत सक्रिय कोळशाची एक कापडी पुडी आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या. कोळसा आम्लाची वाफ धरतो, पण भरला की थांबतो, म्हणून दर तीन महिन्यांनी बदलायचा. पुडीवर आजची तारीख लिहिली.

१४ डिसेंबर

फळी, पेटी आणि हत्यारं घेऊन आत्याकडे. फळी तिच्या टेबलाच्या उजव्या हाताला ठोकली, ती बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर. आत्याने एकेक मूठ नाकाशी नेली. क्र. ९ ला जरा भुवया वर गेल्या. "हा राहिलाय थोडा." मान्य केलं, त्याला महिन्यातून एकदा सोड्याचं पाणी द्यायचं ठरलं. क्र. ७ तिने दिव्यासमोर धरला. बराच वेळ बघितला. "नवा असताना असाच होता," म्हणाली.

मग सागाच्या मुठीचा क्र. ४ घेतला, हातात फिरवला, तळव्यावर घासून पकड बघितली. "लाकूड थोडं जाड झालं. अंगठ्यापाशी अर्धा मिलिमीटर काढ." कानशीने तिथेच काढलं, तिने परत धरला, मान हलवली, आणि एका जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाचे स्क्रू काढायला लागली.

क्र. ९ ची लिटमसची पुढची पट्टी १४ जानेवारीला. बरणी आत्याकडेच ठेवली आहे.